शेजारी आणि उद्याचा दिवस : याकोबाच्या पत्रातील नम्रता

आपल्या मंडळ्यांच्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत दोन वाक्ये बहुतेक वेळा ऐकू येतात. पहिले प्रार्थनेचे विषय मांडताना येते : “बाहेर कोणाला सांगू नका, फक्त प्रार्थना करा, अमक्यांच्या घरी सध्या बरे चाललेले नाही.” दुसरे शेवटच्या सूचनांमध्ये येते : “प्रभूची इच्छा असल्यास पुढची सभा येत्या बुधवारी भरेल.” बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या मनात या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मात्र हेच दोन विषय पाठोपाठ आले आहेत. 11व्या आणि 12व्या वचनांत बंधूविषयी वाईट बोलण्याची मनाई आहे आणि 13व्या वचनापासून उद्याचे बेत आखणाऱ्या व्यापाऱ्यांची कानउघाडणी आहे. प्रथम वाचताना लेखकाने मध्येच विषय बदलला असे वाटते, आणि पुष्कळ उपदेशांतही या दोन परिच्छेदांवर वेगवेगळ्या रविवारी बोलले जाते. माझ्या समजुतीप्रमाणे याकोबाने विषय बदललेला नाही. माणूस देवाच्या आसनावर दोन वाटांनी चढून बसतो, एकदा शेजाऱ्याचा न्यायाधीश म्हणून आणि एकदा उद्याच्या दिवसाचा मालक म्हणून, हे त्याला दाखवायचे आहे.

हे पत्र येशूचा भाऊ याकोब याच्या नावाने ओळखले जाते. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीचा तो प्रमुख होता. पत्र त्याने स्वतः लिहिले की त्याच्या शिकवणीवरून नंतर कोणी लिहिले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु पत्राचा रोख स्पष्ट आहे. ते यहूदिया सोडून परक्या मुलखांत पांगलेल्या इस्राएलाच्या ‘बारा वंशांना’ लिहिलेले आहे, म्हणजे लहान लहान वस्त्यांत, एकमेकांच्या आधाराने आणि एकमेकांच्या नजरेसमोर राहणाऱ्या लोकांना. अशा वस्तीत कोणाची गोष्ट कोणापासून फार काळ लपत नाही. चौथ्या अध्यायाच्या सुरुवातीला याकोब त्यांच्यातील भांडणांविषयी बोलतो, 6व्या वचनात देव गर्विष्ठांचा विरोध करतो व लीनांवर कृपा करतो हे शास्त्रवचन उद्धृत करतो आणि 10व्या वचनात प्रभूसमोर लीन व्हा असे सांगतो. त्याच्या लगेच पुढे 11वे वचन येते. प्रभूसमोर लीन होणे म्हणजे गुडघे टेकणे, डोळे मिटणे, आवाज खाली आणणे, असे जर वाचकाच्या मनात आले असेल, तर याकोब त्याला तेथून उठवून थेट अशा ठिकाणी नेतो जिथे लीनता खरोखर तपासली जाते, म्हणजे समोर हजर नसलेल्या माणसाविषयी आपण काय बोलतो तिथे.

मूळ ग्रीक भाषेत येथे ‘कातालालेओ’ हे क्रियापद आहे. ‘काता’ म्हणजे विरुद्ध किंवा खाली आणि ‘लालेओ’ म्हणजे बोलणे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हाच शब्द दोन प्रकारच्या प्रसंगांत आढळतो. गणनेच्या पुस्तकात रानातील लोक देवाविरुद्ध व मोशेविरुद्ध उघड कुरकुर करतात तेथे तो आहे, आणि 101व्या स्तोत्रात जो गुप्तपणे आपल्या शेजाऱ्याविरुद्ध बोलतो त्याच्यासाठीही तोच आहे. म्हणजे चारचौघांत केलेली निंदा आणि कानाला लागून केलेली चहाडी या दोन्ही त्यात येतात. लक्षात घ्यायची महत्त्वाची गोष्ट अशी की हा शब्द बोलणे खरे की खोटे याविषयी काहीच सांगत नाही. “मी काही खोटे बोललो नाही” हा आपला नेहमीचा बचाव याकोबासमोर टिकत नाही. एखाद्याचा मुलगा दारू पितो हे खरे असेल, एखादीचे सासरी पटत नाही हेही खरे असेल. तरी ते सांगताना बोलणारा एक पायरी वर उभा राहतो आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो एक पायरी खाली जातो. पाप त्या पायरीत आहे.

याच्या पुढचे वाक्य बहुतेकांना कोड्यात टाकते. जो बंधूविरुद्ध बोलतो तो नियमशास्त्राविरुद्ध, म्हणजे मोशेद्वारे देवाने दिलेल्या आज्ञांविरुद्ध, बोलतो आणि नियमशास्त्राचा न्याय करतो, असे याकोब म्हणतो. शेजारच्या माणसाविषयी चार शब्द बोलल्याने नियमशास्त्राचा न्याय कसा होतो? याचे उत्तर जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात आहे आणि याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याच अध्यायातील 18वे वचन ‘राजमान्य नियम’ म्हणून आधीच सांगितलेले आहे : आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. हे वचन आपल्या सर्वांना पाठ असते, परंतु ते ज्या ओळींच्या शेवटी येते त्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. दोनच वचने आधी, 16व्या वचनात, आपल्या लोकांमध्ये चहाडी करत फिरू नको अशी आज्ञा आहे. तेथे चहाडखोरासाठी आलेला ‘रखील’ हा हिब्रू शब्द फिरत्या व्यापाऱ्यासाठी असलेल्या ‘रोखेल’ या शब्दाच्या अगदी जवळचा आहे आणि जुन्या यहुदी भाष्यकारांनी या जवळिकीवर बोट ठेवले आहे. फेरीवाला जसा एका दारचा माल दुसऱ्या दारी नेतो, तसा चहाडखोर एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरी नेतो. याकोबाच्या पत्रातही चहाडीनंतर लगेच व्यापारी येतात. हा जोड त्याने मुद्दाम साधला असे मी म्हणणार नाही, परंतु लेवीय तोंडपाठ असलेल्या वाचकाला तो जाणवला असेल असे मला वाटते.

आता याकोबाचा युक्तिवाद नीट दिसतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आणि त्याची चहाडी न करण्याची आज्ञा एकाच दमात दिलेली आहे. ती आज्ञा ठाऊक असूनही मी शेजाऱ्याविरुद्ध बोलतो, तेव्हा ती सर्वांना लागू असली तरी या माणसाच्या बाबतीत, या प्रसंगी, ती लागू करण्याची गरज नाही, असा निर्णय मी मनातल्या मनात घेतलेला असतो. माझ्यावर असलेल्या आज्ञेला मी माझ्यासमोर उभे करून तपासतो आणि नापास करतो. नियम देणारा आणि न्याय करणारा एकच आहे, तारण करण्याचे आणि नाश करण्याचे सामर्थ्य त्याचे आहे, असे सांगून याकोब विचारतो : मग शेजाऱ्याचा न्याय करणारा तू कोण? 11व्या वचनात तो ‘बंधू’ म्हणत होता, येथे मात्र त्याने ‘शेजारी’ हा शब्द घेतला आहे. लेवीयच्या त्या आज्ञेतील हाच शब्द आहे, म्हणून हा बदल सहज झाला असावा असे वाटत नाही.

या शिकवणीचा आपल्याकडे एक फार वाईट गैरवापर होतो आणि त्याविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. कोणावर अन्याय झाला, कोणी मंडळीच्या पैशांचा हिशेब दिला नाही, कोणा मुलीला एखाद्या मान्यवर माणसाच्या वागण्याचा त्रास झाला, आणि तिने तोंड उघडले, की “न्याय करू नका” हे वचन तिच्यापुढे ठेवले जाते. हे याकोबाचे म्हणणे नव्हे. लेवीयच्या ज्या 16व्या वचनात चहाडीची मनाई आहे त्याच वचनाच्या उत्तरार्धात, शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना स्वस्थ उभा राहू नको, असेही सांगितले आहे; आणि पुढचेच 17वे वचन सांगते की मनात भावाचा द्वेष बाळगू नको, तर त्याला त्याची चूक समजावून सांग. म्हणजे पाठीमागे बोलू नको, गप्पही बसू नको, समोर जाऊन बोल. येशूनेही मत्तयाच्या 18व्या अध्यायात तोच क्रम दिला : आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. खुद्द याकोबाने याच पत्राच्या पाचव्या अध्यायात मजुरांची मजुरी अडवणाऱ्या धनिकांना इतक्या कडक शब्दांत फटकारले आहे की त्याला मितभाषी म्हणताच येणार नाही. आणि ज्याला इजा झाली त्या माणसाने, स्वतःला वाचवण्यासाठी किंवा इतरांना सावध करण्यासाठी, ज्यांच्याकडे उपाय करण्याचा अधिकार आहे अशा वडीलधाऱ्यांकडे किंवा पोलिसांकडे जाणे ही चहाडी नव्हे. इजा करणाऱ्याला त्याने आधी एकट्याने गाठलेच पाहिजे, असाही मत्तयाच्या त्या अध्यायाचा अर्थ नव्हे.

मग फरक ओळखायचा कसा? मी स्वतःला विचारतो ते असे : ही गोष्ट मी ज्याला सांगत आहे तो याबाबत काही करू शकतो का, की त्याला ती ऐकायला बरी वाटेल म्हणून मी सांगत आहे? प्रार्थनासभेत सांगितलेला विषय पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचा असतो. “त्या कुटुंबासाठी प्रार्थना करा” एवढे पुरेसे असताना आपण तपशील जोडतो, कारण तपशीलाशिवाय प्रार्थना करता येणार नाही असे आपल्याला वाटते. परंतु ज्याच्याकडे प्रार्थना करायची त्याला सर्व तपशील आधीच ठाऊक आहेत. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर असा ‘विषय’ रात्रीतून तीन शहरांत पोहोचतो आणि संबंधित कुटुंबाला तो शेवटी कळतो. दुसरा फरक हेतूंविषयीचा आहे. “तो उपासनेला आला नाही” हे मी पाहिले. “तो मुद्दाम आला नाही” हे मी पाहिलेले नाही. कृती दिसते, अंतःकरण दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर निकाल देताना आपण त्या एकाच न्यायाधीशाची जागा घेतो.

याकोबाच्या स्वतःच्या मरणाची हकिगत येथे आठवल्याशिवाय राहत नाही. यहुदी इतिहासकार योसेफस याने लिहून ठेवले आहे की इ. स. 62 मध्ये, एक रोमी सुभेदार मरण पावला होता आणि दुसरा अजून वाटेत होता त्या मधल्या काळात, महायाजक अनान याने न्यायसभा बोलावली, याकोबावर व आणखी काही जणांवर नियमशास्त्र मोडल्याचा आरोप ठेवला आणि त्यांना दगडमार करवला. नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या नगरवासीयांनाच हे आवडले नाही, असेही योसेफस नोंदवतो. बंधूचा न्याय करणारा नियमशास्त्राचाच न्याय करतो हे वाक्य ज्याच्या नावावर आहे, त्याचा जीव नियमशास्त्राच्याच नावाने घेतला गेला.

13व्या वचनात नवे लोक समोर येतात. ते म्हणतात, आज किंवा उद्या आपण अमुक शहरी जाऊ, तेथे एक वर्ष राहू, व्यापार करू आणि नफा मिळवू. कधी, कोठे, किती काळ, काय आणि किती लाभ, हे सारे ठरलेले आहे. पहिल्या शतकातील भूमध्य समुद्राच्या काठावरच्या कोणत्याही बंदरात असे बोलणे ऐकू आले असते. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे पाहा. तंबू करणे हा त्यांचा धंदा होता; अक्विल्ला पंत प्रांताचा, राहायला रोमेत, तेथून कैसर क्लौद्याच्या हुकमाने यहुद्यांना बाहेर पडावे लागले म्हणून करिंथ, आणि नंतर इफिस. त्यांनी आखलेल्या बेतात सम्राटाचा हुकूम खासच नसेल. समुद्रही तसाच बेभरवशाचा होता. हिवाळ्याचे काही महिने जहाजे बंदरातून सहसा निघत नसत, आणि उशिरा निघालेल्या एका जहाजाचे काय झाले हे प्रेषितांच्या कृत्यांच्या 27व्या अध्यायात सविस्तर आहे : त्यातील 276 माणसे वाचली, पण जहाज आणि माल गेला.

याकोब व्यापाराला नावे ठेवत नाही. त्याला खटकते ते वाक्यातील निश्चित भविष्यकाळ. उद्या काय होईल हे तुम्हांला ठाऊक नाही, तुम्ही वाफ आहात, असे तो म्हणतो. पातेल्याचे झाकण काढल्यावर क्षणभर डोळ्यांसमोर येणारी ती वाफ. ग्रीकमध्ये येथे एकमेकांशी यमक जुळणारे दोन शब्द आहेत, एक प्रकट होण्याचा आणि दुसरा नाहीसा होण्याचा; मराठीत ‘दिसते’ आणि ‘दिसेनाशी होते’ असे म्हटले की तो नाद आपोआप उतरतो. उपदेशकाच्या पुस्तकात ज्या शब्दाचे भाषांतर ‘व्यर्थ’ असे होते त्या हिब्रू शब्दाचाही मूळ अर्थ श्वास किंवा वाफ असाच आहे. 16व्या वचनात याकोब या बोलण्याला जो शब्द लावतो तो ग्रीक लोक जवळ नसलेल्या गोष्टींचा आव आणणाऱ्या बढाईखोरासाठी वापरत असत. उद्याचा दिवस आपल्या जवळ नाही आणि तरी आपण तो खर्च करून मोकळे होतो.

त्याऐवजी काय म्हणावे हे तो 15व्या वचनात सांगतो : प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि हे किंवा ते करू. आपण ‘जगू’ हा शब्द बहुधा ऐकतच नाही. केवळ सभा भरणे प्रभूच्या इच्छेवर अवलंबून नाही, सभेला येणारा माणूस सकाळी उठणेही त्याच्याच इच्छेवर आहे. मात्र हे शब्द म्हणजे मंत्र नव्हे. प्रेषित पौलाच्या पत्रांत आणि प्रवासांत पाहिले तर हे चांगले कळते. इफिस सोडताना त्याने देवाची इच्छा असल्यास परत येईन असे म्हटले आणि तो खरोखर परत येऊन तेथे तीन वर्षे राहिला. पण इतर ठिकाणी, उदाहरणार्थ मला रोमही पाहिले पाहिजे असे तो म्हणतो तेथे, त्याने ही पुस्ती जोडलेली नाही. वाक्यात ती असो वा नसो, बेत सोडून देण्याची त्याची तयारी नेहमी होती. रोमच्या ख्रिस्ती लोकांना त्याने लिहिले की यरुशलेमेला मदत पोहोचवून तुमच्याकडे येईन आणि तेथून स्पेनला जाईन. यरुशलेमेत त्याला अटक झाली, कैसरियात दोन वर्षे कैदेत गेली, जहाज फुटले आणि तो रोमला पोहोचला तो बेड्यांत.

याच पौलाच्या बाबतीत याकोबाचे दोन्ही विषय एकाच प्रसंगात एकत्र आलेले दिसतात. करिंथकरांकडे दोनदा जाण्याचा बेत त्याने केला होता आणि तो बदलला. लगेच तेथे बोलले जाऊ लागले की हा माणूस चंचल आहे, याच्या ‘होय’मध्येच ‘नाही’ असते. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात तो याचे उत्तर देतो आणि खरे कारण सांगतो : तुम्हांला दुःख होऊ नये म्हणून मी आलो नाही. एकाने आपला बेत प्रभूच्या हाती दिला, आणि इतरांनी त्या बदललेल्या बेतावरून त्याच्या अंतःकरणाचा निकाल लावला. ज्याला स्वतःच्या उद्याची खात्री नाही असे मनापासून वाटते, तो दुसऱ्याच्या मोडलेल्या बेताकडेही मऊ नजरेने पाहतो; म्हणूनच या दोन नम्रता एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

अर्थात नम्रता म्हणजे बेत न करणे नव्हे. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचे उदाहरण येशूनेच दिले आहे. औषधोपचार टाळणे, मुलांसाठी तरतूद न करणे, मृत्युपत्र न लिहिणे आणि त्याला विश्वास म्हणणे, हे याकोबाच्या वचनावर लादलेले ओझे आहे. तसेच जेथे जायचेच नाही तेथे “बघू, प्रभूची इच्छा” असे म्हणून वेळ मारून नेणे हा प्रभूच्या नावाचा दुरुपयोग आहे. ‘येणार नाही’ हे सरळ सांगणे त्यापेक्षा बरे.

बेत आखणे आणि तो हातात सैल धरणे या दोन्ही गोष्टी पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात एकत्र पाहायला मिळतात. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलवलेले त्यांचे शारदा सदन अमेरिकेतील मित्रांच्या वर्गणीवर चालत होते आणि ती वर्गणी दहा वर्षांपुरतीच कबूल झालेली होती. पुढची सोय म्हणून त्यांनी पुण्यापासून काही अंतरावर केडगाव येथे जमीन घेतली. तेथे फळबाग करायची आणि तिच्या उत्पन्नावर संस्था स्वतःच्या पायांवर उभी करायची, असा तो दूरदर्शी, व्यवहारी बेत होता. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतांत जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुलींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा त्या मुली केडगावच्या त्याच शेतावर गेल्या आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. बागेसाठी घेतलेली जमीन मुलींचे घर झाली. जमीन आधी घेतलेली नसती तर त्या मुलींना न्यायला जागा नव्हती, आणि बागेचा बेत घट्ट धरून ठेवला असता तरीही नव्हती.

17वे वचन सुटे पडल्यासारखे दिसते : चांगले करणे कळत असून जो ते करत नाही त्याला ते पाप आहे. व्यापाऱ्यांच्या पूर्ण वर्षाच्या बेतात शेजाऱ्यासाठी एकही दिवस राखून ठेवलेला नाही, हे या वचनापाशी आल्यावर लक्षात येते. 6व्या वचनात याकोबाने गर्विष्ठांविषयीचे जे शास्त्रवचन घेतले ते नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातील 34वे वचन आहे, आणि त्याने ते प्राचीन ग्रीक भाषांतरातील शब्दांत घेतले आहे. त्याच अध्यायात थोडे आधी, 27व्या वचनात, चांगले करण्याचे सामर्थ्य तुझ्या हाती असताना ते ज्यांना मिळाले पाहिजे त्यांच्यापासून रोखून ठेवू नको असे आहे, आणि 28व्या वचनात, देण्याजोगे तुझ्याजवळ असताना शेजाऱ्याला “जा, परत ये, उद्या देईन” असे म्हणू नको, असे आहे. हिब्रूत ते वचन येथेच संपते. याकोबाच्या वाचकांच्या हाती असलेल्या ग्रीक भाषांतरात मात्र त्यापुढे आणखी एक वाक्य आहे : कारण येणारा दिवस काय घेऊन येईल हे तुला ठाऊक नाही.